पुण्यात पहिल्या वर्षासाठी खासगी होस्टेल: पैसे मोजण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं

जुलै उजाडला की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, पोरीचा नंबर पुण्यात लागला. कॉलेजच्या होस्टेलच्या यादीत नाव नाही. कुठं ठेवावं?" मी १९९८ साली बार्शीहून पुण्यात शिकायला आले तेव्हा माझ्या वडिलांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी एका दुपारी तीन जागा बघितल्या. तिसऱ्या जागेच्या मालकीणबाई बोलायला गोड होत्या, म्हणून दहा महिन्यांचे पैसे एकरकमी मोजले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. ऑक्टोबरात मला ती जागा सोडावी लागली. उरलेले पैसे मिळाले नाहीत, कारण कुठं काही लिहून घेतलंच नव्हतं. ते पैसे त्या वर्षीच्या तुरीचे होते.

तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगते: पहिल्या वर्षी जागा अशी घ्या, की ती चुकली तर दिवाळीला सोडता येईल. पुढचं सगळं त्या बेतानंच लिहिलं आहे. मला पुणं माहीत आहे म्हणून उदाहरणं पुण्याची.

आधी सीट पक्की, मग खोली

इंजिनिअरिंग, फार्मसी अशा कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, होणाऱ्या प्रवेशांत पालकांची पहिली चूक इथंच होते. पहिल्या फेरीत कात्रजकडचं कॉलेज मिळतं, त्याच आठवड्यात तिथं होस्टेलचे पैसे भरले जातात, आणि दुसऱ्या फेरीत बेटरमेंटमध्ये, म्हणजे वरच्या पसंतीचं कॉलेज मिळून, मुलगा पार दुसऱ्या टोकाला आकुर्डीला जातो. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, तेव्हा प्रश्न नाही. पण तुम्ही पुढच्या फेरीत राहणार असाल, तर सीट फ्रीझ होईपर्यंत होस्टेलला फक्त भेट द्या, पैसे देऊ नका. "आज टोकन नाही दिलं तर कॉट जाईल" असं प्रत्येक जण सांगतो. एक कॉट जाते, दुसरी मिळते. फेऱ्या संपल्यावर बेटरमेंटवाली मुलं निघून जातात, त्यांच्या कॉटही रिकाम्या होतात.

एखादी जागा फारच आवडली आणि टोकन द्यायचंच ठरलं, तर ते लहान ठेवा. प्रवेश बदलला तर परत मिळेल, एवढं मालकाकडून व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. आणि जागा डोळ्यांनी न बघता, फोटो बघून क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खासगीकडे वळण्याआधी

सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरला आहे ना, हे बघा. तिथं प्रवेश मिळाला नाही, तर बाहेर राहणाऱ्यांसाठी योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागास, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि इतर खर्च धरून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत आहे. मात्र तुम्ही भाड्याच्या जागेत राहता याचा कागदी पुरावा लागतो. "आम्ही करार करत नाही" म्हणणाऱ्या मालकाकडे राहिलात, तर या मदतीवरच पाणी सोडावं लागेल. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समितीही पुण्यात आहे. तिथल्या प्रवेशासाठी मे-जूनमध्येच चौकशी करावी.

भाग ठरवताना

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार गणेशखिंडीत आहे, पण पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं शहरभर विखुरलेल्या संलग्न कॉलेजांत असतात. त्यामुळे "पुण्यात होस्टेल बघतोय" याला काही अर्थ नाही. कॉलेजच्या फाटकापासून सुरुवात करा. पहिल्या वर्षासाठी माझा नियम साधा आहे: पायी वीस मिनिटं. त्यापलीकडे जायचं असेल तर मेट्रो हाताशी हवी.

वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट अशा मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत, त्या जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. फर्ग्युसन, गरवारे, बीएमसीसी किंवा सीओईपीला प्रवेश असेल, तर डेक्कन-मॉडेल कॉलनीच्या चढ्या भाड्याऐवजी कोथरूडमध्ये आयडियल कॉलनी किंवा वनाझजवळ राहून ट्रॅफिकमध्ये न अडकता येता-जाता येतं. धनकवडी, बिबवेवाडी, कोंढवा, नऱ्हे, आंबेगाव इथल्या कॉलेजांना मात्र मेट्रो उपयोगाची नाही. तिथं कॉलेजच्या जवळच राहा. नऱ्हे-आंबेगावकडे तर आणखी एक गोष्ट बघा: रोज महामार्ग ओलांडावा लागतो का? नवले पुलाचा उतार अपघातांसाठी वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे. पाचशे रुपये स्वस्त पडते म्हणून महामार्गापलीकडची खोली घेऊ नका.

सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत कॉट बेसिसवर राहण्याची जुनी पद्धत आहे. घरातली एखादी खोली, तीन-चार कॉट, खाली मालक. एसपी कॉलेजला जाणाऱ्यांना सोयीचं आहे. या भागात स्पर्धा परीक्षांची मुलं जास्त असतात, खोलीत शांतता असते, अभ्यासिका पावलोपावली आहेत. पण अठरा वर्षांच्या मुलाला तिशीकडे झुकलेल्या, सतत परीक्षेच्या ताणात असलेल्या रूममेटबरोबर करमेलच असं नाही. गणपतीच्या दिवसांत रस्ते बंद असतात, आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. मला स्वतःला ते दिवस फार आवडायचे. झोप न लागणाऱ्या मुलांनी मात्र लक्ष्मी रस्त्यापासून दोन गल्ल्या आतली खोली बघावी.

नदी-ओढ्याकाठची तळमजल्यावरची खोली घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते कात्रज-सहकारनगरकडच्या लोकांना विचारा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं.

एकच जागा, दोन वेळा

ही पायरी कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त कळतं ते हिच्यातच. आई-वडील रविवारी येतात, दुपारी एक वाजता खोली बघतात. त्या वेळी निम्मी मुलं झोपलेली किंवा बाहेर, नळाला धो धो पाणी, फरशीला फिनाइलचा वास.

माझ्या भाचीसाठी आम्ही कर्वेनगरात अशीच एक जागा रविवारी बघितली. छान वाटली. मंगळवारी सकाळी सव्वासातला मी तिला घेऊन पुन्हा गेले. दुसऱ्या मजल्यावर बाथरूमच्या बाहेर भिंतीला लागून अकरा बादल्या ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीत नेलपॉलिशनं नाव लिहिलेला मग. जिन्याच्या पायरीवर एक मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून जर्नल पूर्ण करत बसली होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "माझा नंबर सातवा आहे." मजल्यावर अठरा मुली, बाथरूम दोन. एकीला बारा मिनिटं धरली तरी शेवटच्या मुलीचं उरकायला पावणेदोन तास. आठच्या प्रॅक्टिकलसाठी पहिलीनं सहाला उठायला हवं. भाची जिन्यातच म्हणाली, "मावशी, चल." सहा जणांमागे एक बाथरूम, याहून वाईट प्रमाण असेल तर मी जागा सोडून देते.

म्हणून एक चक्कर कामाच्या दिवशी सकाळी सात ते आठमध्ये, आणि दुसरी रात्री नऊनंतर. रात्री कॉलेजपासून होस्टेलपर्यंत चालत या. दिवे कुठपर्यंत आहेत, दुकानं किती वाजता बंद होतात, कोपऱ्यावर कोण उभं असतं, कुत्री अंगावर येतात का, हे चालल्याशिवाय कळत नाही. बस किंवा रिक्षानं केलेली पाहणी धरू नका.

मालक किंवा वॉर्डन सोबत असताना राहणारी मुलं खरं बोलत नाहीत. खालच्या चहाच्या टपरीवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात त्यांना गाठा, आणि "कसं आहे?" असं मोघम विचारू नका. "डिपॉझिट कुणाचं परत मिळालं? किती दिवसांनी?", "मागच्या महिन्यात पाणी किती दिवस नव्हतं?", "पुढच्या वर्षी इथंच राहणार का?" असं नेमकं विचारा. शेवटच्या प्रश्नावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली, की तुम्हाला उत्तर मिळालं.

खोलीत गेल्यावर गादी उचला. शिवणीच्या कडेला आणि कॉटच्या सांध्यांत मोहरीएवढे काळे डाग दिसले तर ती ढेकणांची खूण आहे. एकदा ढेकूण बॅगेतून घरी आले की घरच्यांनाही महिनोन् महिने पुरतात. कपाटाला स्वतःचं कुलूप लावता येतं का, खिडकी उघडते का, उशाशी प्लग आहे का, मोबाइलला रेंज येते का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. कपडे कुठं वाळवायचे तेही विचारा. कॉलेज सुरू होतं तेच पावसात, आणि शेड नसलेल्या गच्चीवर ऑगस्टमध्ये जीन्स चार दिवस ओली राहते.

पाणी

"चोवीस तास पाणी" या तीन शब्दांवर विश्वास ठेवू नका. पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हे विचारा. पुण्यात दुरुस्तीसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद ठेवतात. त्या दिवशी टाकी पुरते का? गरम पाणी सोलरचं की गिझरचं? सोलर असेल तर पावसाळ्यात कोमट पाण्यावर भागवावं लागतं, आणि उन्हाळ्यातही पहिल्या चार-पाच जणांनंतर गार येतं.

पिण्याच्या पाण्याबाबत मी जरा जास्तच कडक आहे, आणि त्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्यानं वाढले, हातापायातली ताकद जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली, आणि संशयाचं बोट दूषित पाण्याकडे होतं. त्यामुळे फिल्टर आहे एवढं ऐकून थांबू नका. त्यावर शेवटच्या सर्व्हिसिंगचं स्टिकर आहे का, तारीख कोणती, टाकी कधी धुतली, हे विचारा. मालक चिडला तर चिडू द्या. नव्या शहरात पहिल्या महिन्यात बहुतेक मुलं आजारी पडतात ती पोटानंच.

जेवण

होस्टेलात जेवण असेल तर एक वेळ पैसे देऊन जेवा, आणि ते रविवारी दुपारी नको. रविवारी दुपारी सगळीकडे गोडाचं असतं. बुधवारी रात्री जेवा. डाळीत डाळ किती, पोळी ताजी की दुपारची, दुसऱ्यांदा भाजी मागितल्यावर वाढणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते बघा.

बाहेरची मेस लावणार असाल तर खाड्यांचा नियम आधी विचारा. गावी गेलात की किती दिवसांचे खाडे धरतात, किती आधी सांगावं लागतं, ते दिवस पुढच्या महिन्यात मिळतात की बुडतात? बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, तो खर्च वेगळा धरा. आणि सुरुवातीला महिन्याचेच पैसे भरा. तीन महिन्यांचे एकदम भरल्यावर सूट मिळते, पण पंधरा दिवसांत तोंडाची चव गेली तर ती सूट काय कामाची?

आग आणि कुलूप

इथं मी अजिबात तडजोड करत नाही. मुलींच्या होस्टेलात सुरक्षेच्या नावाखाली रात्री दहाला लोखंडी दाराला कुलूप लावतात. ते लावायला हरकत नाही, पण किल्ली कुठं असते? एका ठिकाणी मी विचारलं तेव्हा कळलं, की किल्ली वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन झोपायला समोरच्या इमारतीत. खिडक्यांना पक्क्या जाळ्या, जिना एकच, आणि त्या जिन्याखाली मीटरच्या शेजारी दुचाकी लावलेल्या. शॉर्टसर्किट झालं तर आतल्या चाळीस मुलींनी जायचं कुठून? तिथून मी दोन मिनिटांत बाहेर पडले.

दार आतून उघडता यायला हवं, किंवा किल्ली आतच राहणाऱ्या वॉर्डनकडे हवी. जिना मोकळा हवा. आग विझवण्याच्या सिलिंडरवर रिफिलची तारीख असते, ती वाचा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांना यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. मोठं होस्टेल असेल तर ते दाखवा म्हणून सांगा. तुमचा प्रवेशही जुलै-ऑगस्टमधलाच, म्हणजे कागद ताजा हवा.

पैशांचा खरा हिशोब

भाड्याचा आकडा एकटा बघू नका. समजा एक खोली महिन्याला ७,००० रुपये, जेवण नाही, कॉलेज लांब. मेसचे ३,५००, विजेचे ५००, येण्या-जाण्याचे ९००, म्हणजे ११,९००. दुसरी १०,५०० ची, जेवणासह, पायी अंतरावर, वीज ५०० धरली तरी ११,०००. महाग वाटलेली जागा नऊशेनं स्वस्त निघाली, वर रोजचा तासभर वाचला.

सब-मीटर असेल तर युनिटचा दर विचारा आणि राहायला आल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा. "जीएसटी वेगळा" असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या: माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जुलै २०२४ पासून जीएसटी माफ आहे.

डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं असू शकतं. वर्षाची फी एकरकमी मागत असतील, तर टप्पे पाडून मागा: आता तीन महिन्यांचे, पुढचे दिवाळीनंतर. सूट कमी झाली तरी चालेल. अजिबात ऐकत नसतील तर मी दुसरी जागा बघायला सांगते, आणि हे मी अनुभवानं सांगते.

कागद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही हे लागू आहे. तीन-चार मित्रांनी मिळून फ्लॅट घेतला तर हा करार झालाच पाहिजे. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर करार पालकाच्या नावे करावा लागतो, कारण अज्ञानाचा, म्हणजे अठराखालच्या व्यक्तीचा, करार कायद्यात टिकत नाही.

होस्टेलात किंवा कॉट बेसिसवर बहुतेक ठिकाणी छापील फॉर्म आणि नियमावली देतात. ती घरी आणून वाचा. सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, कशासाठी कापणार, मध्येच भाडं वाढवणार का, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत भाडं पूर्ण की अर्धं, रात्रीची वेळ कोणती आणि सबमिशनमुळे उशीर झाला तर काय, आई मुक्कामाला आली तर चालतं का. यातलं जे फॉर्ममध्ये नसेल ते पेननं लिहून मालकाची सही घ्या. पैसे मालकाच्या किंवा होस्टेलच्या नावाच्या खात्यावर पाठवा, आणि पावतीवर 'डिपॉझिट' आणि 'भाडं' वेगळं लिहून घ्या. पोलीस पडताळणीसाठी आधार मागतील तेव्हा मास्क्ड आधारची प्रत द्या, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

राहायला गेल्यावर

सामान टाकायच्या आधी मोबाइलवर खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीवरची ओल, फुटलेला आरसा, कपाटाचं मोडलेलं हँडल, सगळं बोलत बोलत टिपा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोडताना यावरूनच वाद मिटतो. जवळचा दवाखाना, रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान आणि पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते.

सीनियर मुलांनी त्रास दिला तर "हे कॉलेजबाहेर आहे, इथं कोण विचारतं" यावर विश्वास ठेवू नका. यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आवाराबाहेरच्या निवासालाही लागू आहेत. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तातडीच्या मदतीसाठी ११२.

पालकांनो, पहिल्या महिन्यात रोज "जेवलास का?" एवढंच विचारू नका. "आंघोळीला नंबर कितवा लागला?", "काल रात्री किती वाजता झोप लागली?" असं विचारा. मुलं तक्रार करत नाहीत. माझ्या वडिलांनी मोजलेले पैसे डोळ्यांपुढे असल्यामुळे मीही तीन महिने गप्प राहिले होते. माझ्या भाचीनं शेवटी कर्वेनगरातच दुसरी जागा घेतली, तीन महिन्यांचे पैसे भरून. ऑक्टोबरात मी विचारलं, पुढचे भरायचे का? ती म्हणाली, "भर. पण आधी त्यांना म्हणावं, वरच्या मजल्यावरचा गिझर दुरुस्त करा." गिझर दुरुस्त झाला, मग आम्ही पैसे भरले.